दिवाणखान्यातला रस्सा

चष्मेवाल्यांना आपल्याच बायकोच्या स्वयंपाकाचा हेवा वाटू लागला, तेव्हा त्यांच्या लग्नाला एकतीस वर्षं झाली होती. त्याआधी त्या स्वयंपाकाबद्दल त्यांना काही वाटतच नसे. ताट समोर यायचं, ते जेवायचे आणि उठता उठता काहीतरी बोलायचे. मीठ जरा पुढे आहे. बटाटा दोन मिनिटं आधी उतरवायला हवा होता. अगदीच मनासारखं झालं असेल तर, "हं, बरं आहे. आईचं वेगळं असायचं, पण बरं आहे."

माणूस वाईट नव्हता. त्यांचं कामच बारीक. काचेचा मध्य केसभर सरकला तरी गिऱ्हाईक चार दिवसांनी डोकं धरून परत येतं. तेव्हा केसभर चूक शोधायची ही त्यांची जन्माची सवय. दुकानात या सवयीचं कौतुक व्हायचं. घरी ती जेवणाच्या ताटावर पडायची.

दुकान गल्लीच्या मधोमध होतं आणि राहायला ते दुकानाच्याच वर होते. गल्लीच्या कोपऱ्यावर एक फोटो स्टुडिओ होता, तो बंद पडून बरीच वर्षं झाली होती. ती जागा बाजावाल्यानं घेतली. बाजावाला म्हणजे त्याच गल्लीत राहणारा, आयुष्यभर बँडमध्ये अकॉर्डियन वाजवलेला, हसरा, गोल चेहऱ्याचा माणूस. दोन वर्षांपूर्वी त्याची बायको गेली होती. मावशीच्या घरातलं जुनं सामान त्यानं स्टुडिओत आणून मांडलं. लाकडी हातांचे सोफे, झालरीचे दिवे, कपाटाएवढा रेडिओ. तो रेडिओ सुरू केल्यावर पाच मिनिटं नुसता गरम व्हायचा आणि मग अचानक बोलायला लागायचा. फोटो काढताना पाठीमागे असायचा तो रंगवलेला पडदा त्यानं तसाच ठेवला. त्यावर एक तळं होतं आणि तळ्यात उतरणारा एक जिना, कोणी कधी न उतरलेला. दारावर पाटी लावली, 'दिवाणखाना'. लोकांनी यावं, कुणाच्या तरी घरी आल्यासारखं टेकावं, आणि आपल्या लहानपणी घराघरांत व्हायचं तसं ऊन ऊन जेवण जेवावं, एवढीच त्याची कल्पना.

फक्त स्वयंपाक करणारं कोणी नव्हतं. म्हणून तो चष्मेवाल्यांच्या दुकानात आला.

"वहिनींना विचारायचं होतं," तो म्हणाला. "माझी बायको गेली तेव्हा तीन आठवडे तुमच्याकडून डबा यायचा. त्यातला रस्सा अजून माझ्या जिभेवर आहे."

तो डबा चष्मेवाल्यांनीच रोज नेऊन दिला होता. ते हसले. "अहो, आमच्याकडचं साधं जेवण. त्याला कोण येणार?"

"साधंच हवंय मला."

बायकोला खाली बोलावलं. पदराला हात पुसत ती आली, सगळं ऐकून घेतलं आणि आधी नवऱ्याकडे बघितलं.

"जा की," चष्मेवाले म्हणाले. "आठवडाभरात त्यांनाच कळेल."

आठवडाभरात कळलं खरं, पण सगळ्या गल्लीला. दुपारी एक वाजला की दिवाणखान्याबाहेर रांग लागायला लागली. पोस्टमन रोज पत्रं टाकून चष्मेवाल्यांकडे पाणी प्यायला थांबायचा, तो आता हात हलवून पुढे जायला लागला. शाळेतल्या चित्रकलेच्या बाई डोळे तपासायला आल्या. नाकावर चाचणीची जड फ्रेम, समोर अक्षरांचा तक्ता.

"वरून तिसरी ओळ वाचा."

"प, ह, ल... अहो, ते पावाचं पुडिंग! वरचा पापुद्रा काय सुरेख भाजतात हो वहिनी!"

"तिसरी ओळ, बाई."

"वाचते ना. म, त... आणि तो रस्सा! तुमचं बरं आहे बुवा, रोजच मेजवानी."

चष्मेवाल्यांनी उजव्या डोळ्याची काच डाव्या डोळ्यापुढे अडकवली. असं त्यांच्या हातून कधी झालं नव्हतं.

खरं तर त्यांच्या जेवणात काहीच कमी झालं नव्हतं. बायको सकाळी दोन्ही वेळचं करून, झाकून मगच जायची. ते गरम करून एकटे जेवायचे. संध्याकाळी ती परत आली की खुर्चीवर बसून पाय स्टुलावर ठेवायची आणि काहीतरी गुणगुणायची. आपली बायको गुणगुणते हे चष्मेवाल्यांना एकतीस वर्षांत माहीत नव्हतं. मग ती दिवसभरातलं सांगायला लागायची, आणि प्रत्येक वाक्याची सुरुवात एकच. बाजावाले म्हणतात, पुडिंग जरा जास्त करा. बाजावाले म्हणतात, तो रेडिओ मला घाबरतो, मी आले की लगेच बोलतो. एका संध्याकाळी चष्मेवाल्यांनी मोजलं. अकरा वेळा बाजावाले म्हणाले होते.

सुरुवातीला बाजावाला तिला वहिनी म्हणायचा. महिन्याभरानं रस्त्यापलीकडून हाक आली, "उस्ताद! कांदे आलेत!" चष्मेवाले एका फ्रेमची दांडी सरळ करत होते. 'उस्ताद' ऐकलं आणि त्यांच्या अंगाचा तिळपापड झाला. वहिनी हाक मारली म्हणजे मधे आपण असतो. उस्ताद म्हटल्यावर मधे कोणीच उरत नाही.

लेकीचा फोन आला. ती लग्न होऊन शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायची.

"बाबा, माझ्या ऑफिसातले लोक खास आईकडे जेवायला येतात. तुम्ही गेलात की नाही एकदा?"

"मला घरचं मिळतं."

"तुम्हाला जळजळ होतेय का बाबा?"

"पित्त आहे," चष्मेवाले म्हणाले आणि फोन ठेवला.

मग एका संध्याकाळी बायको घरी आली ती नवा चष्मा लावून. फिक्या तपकिरी रंगाची गोल फ्रेम. चष्मेवाल्यांनी एका नजरेत ओळखलं. मोठ्या रस्त्यावर ते काचेचं चकचकीत दुकान आहे, तिथला तयार चष्मा.

"हा कुठला?"

"बाजावाल्यांनी आणला. जुन्याला नुसते ओरखडे पडलेत. परवा पुडिंगमध्ये साखर समजून मी मीठ घालणार होते. त्यांनी बघितलं. म्हणाले, उस्ताद, आधी डोळे, मग पुडिंग."

"मला सांगायचंस मग."

"सांगितलं होतं. गेल्या वर्षी. तुम्ही म्हणालात, शाळा सुरू व्हायचे दिवस आहेत, गर्दी ओसरू दे."

चष्मेवाल्यांनी तो चष्मा तिच्या नाकावरून काढून दिव्यासमोर धरला. "भिकार काच आहे. मध्य कुठे आहे, डोळा कुठे आहे!"

"दिसतंय पण," बायको म्हणाली आणि हात पुढे केला. त्यांना तो परत द्यावा लागला.

चष्मेवाल्याच्या बायकोच्या डोळ्यांवर दुसऱ्या दुकानाचा चष्मा, आणि तोही दुसऱ्या पुरुषानं आणलेला. दुसऱ्या दिवशी सकाळभर त्यांना दुकानात काही सुचलं नाही. एक वाजता त्यांनी दाराला जेवणाच्या सुट्टीची पाटी अडकवली आणि दिवाणखान्याकडे निघाले. उघडून तीन महिने झाले होते. ते पहिल्यांदाच जात होते.

"अरे वा, चष्मेवाले!" बाजावाल्यानं त्यांना रांगेतून बाहेर काढलं आणि हाताला धरून आत नेलं. "उस्ताद, बघा कोण आलंय!" स्वयंपाकघरातून नुसता फोडणीचा आवाज आला. त्यानं त्यांना त्या रंगवलेल्या तळ्याखालच्या सोफ्यावर बसवलं. "काय आणू?"

"रस्सा."

चारी बाजूंना ओळखीची माणसं होती. पोस्टमन पावाच्या तुकड्यानं वाटी पुसून घेत होता. चित्रकलेच्या बाई डोळे मिटून पुडिंग खात होत्या, जणू कोणी त्यांच्या डोळ्यांत औषध घातलंय. निळ्या काठाच्या पांढऱ्या वाटीत रस्सा आला. काहीतरी खोट सापडणारच, या खात्रीनं चष्मेवाल्यांनी पहिला चमचा तोंडात घातला.

घरचा मटणाचा रस्सा त्यांना पाठ होता. फिका, पिठानं दाट केलेला, सौम्य, त्यांच्या आईचा. हा तो नव्हता. यात कांदा जवळजवळ काळा होईपर्यंत परतलेला होता. मांस चमच्यानं तुटत होतं. आणि घास गिळल्यावर मागून एक किंचित कडवट, गोडसर वास येत होता, तो कशाचा ते त्यांना कळेना. त्यांनी दुसरा चमचा घेतला. तिसरा घेतला. चौथ्या चमच्याला त्यांच्या लक्षात आलं की आपण खोट शोधायची विसरलो.

आणि मग त्यांना डबा आठवला. तीन आठवडे रोज त्यांनी तो हातात धरून या माणसाच्या दारापर्यंत नेला होता, झाकण घट्ट लावलेला. त्यात हेच होतं. अजून माझ्या जिभेवर आहे, असं बाजावाला म्हणाला होता ते हे. घरी तेच ते फिकं जेवत बसलेल्या नवऱ्याला याचा पत्ताच नाही, आणि पोस्टमनला आहे, बाईंना आहे, लेकीच्या ऑफिसातल्या माणसांना आहे, रस्त्यावरून आत येणाऱ्या कोणालाही आहे.

वाटी अर्धी झाली होती. त्यांनी चमचा खाली ठेवला.

"मीठ जास्त आहे," ते मोठ्यानं म्हणाले.

बोलणं थांबलं. एकटा रेडिओ बोलत राहिला. बाजावाला पुढे आला, पण त्याच्या आधी स्वयंपाकघराच्या दारातून बायको आली. तोच चष्मा, कपाळावर घाम. तिनं त्यांचाच चमचा उचलला आणि रस्सा चाखला.

"मीठ बरोबर आहे," ती म्हणाली.

"मला जास्त लागतंय."

"तुम्हाला लागत असेल. पण मीठ बरोबर आहे." मग आवाज उतरवून तिनं विचारलं, "दुसरं काही आणू?"

एकतीस वर्षांत तिनं त्यांना असं गिऱ्हाइकासारखं कधी विचारलं नव्हतं. चष्मेवाले उठून उभे राहिले. "घरी असं कधी करत नाहीस तू," ते म्हणाले. त्यांना आरोप करायचा होता. पण त्या शांत खोलीत ते वाक्य वेगळंच ऐकू आलं, एखाद्याला वाटीत वाढलं नाही म्हणून तो कुरकुरल्यासारखं. चित्रकलेच्या बाईंनी मान खाली घातली. बायकोनं वाटी उचलली आणि ती आत निघून गेली.

पुढचे चार दिवस दोघांत कामापुरतंच बोलणं झालं. ती झाकून ठेवायची, ते गरम करून जेवायचे. आता मात्र प्रत्येक घासाला त्यांना कळत होतं की हे आईचंच आहे, तंतोतंत आईचं. आईचं वेगळं असायचं असं ते म्हणत राहिले आणि ती तेच करत राहिली होती.

दुकानाची दर्शनी काच त्यांनी त्या चार दिवसांत इतक्या वेळा पुसली की समोरच्या इस्त्रीवाल्यानं विचारलं, "काय हो, नवीन बसवली का?" काचेतून कोपऱ्यावरचा दिवाणखाना दिसायचा. तीनच्या सुमारास गिऱ्हाईक पांगायचं. मग बाजावाला खिडकीपाशी अकॉर्डियन घेऊन बसायचा आणि समोर ती पाय स्टुलावर ठेवून मटार सोलायची. तो वाजवायचा, ती मधूनच काहीतरी बोलायची, तो हसायचा. एवढंच. याहून जास्त काही दिसलं असतं तर चष्मेवाल्यांना बरं वाटलं असतं. निदान जाऊन भांडता तरी आलं असतं.

पाचव्या दिवशी बाजावाला स्वतःच दुकानात आला. खिशातून तो तपकिरी चष्मा काढून त्यानं काउंटरवर ठेवला.

"यानं वहिनींचं डोकं दुखतंय. मी मूर्ख, नंबर न बघता आणला. तुम्ही नीट बघून द्या."

"तिला यायला काय झालं?"

"त्या म्हणाल्या, तुम्हाला वेळ नसतो."

"तुम्हाला मात्र भरपूर असतो," चष्मेवाले म्हणाले.

बाजावाला न विचारता गिऱ्हाइकाच्या खुर्चीवर बसला. आज तो हसत नव्हता. "तुमच्या मनात काय आहे ते गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही कळलंय. म्हणून सांगतो. त्यांच्या मनात तसलं काही नाही."

केसभर फरक ओळखणाऱ्या माणसाला तो शब्द बरोबर खुपला. "त्यांच्या मनात," चष्मेवाले म्हणाले. "आणि तुमच्या?"

बाजावाल्यानं नजर अक्षरांच्या तक्त्याकडे वळवली. "बायको गेली आणि माझ्या घरात आवाज राहिला नाही," तो म्हणाला. "आता दिवसभर पातेल्यांचा आवाज असतो. कोणीतरी मला, कांदे ओले का आणलेत, म्हणून ओरडतं. मला तेवढं पुरतं. त्यापलीकडे कधी काही मनात आलंच, तर मी वाजवत बसतो. त्यांना कळत नाही आणि कळणारही नाही. तुम्ही विचारलंत म्हणून सांगितलं. आता तुम्हाला काय करायचं ते करा."

तो गेला. चष्मेवाल्यांच्या हातातल्या फ्रेमचा स्क्रू पिळून पिळून त्याचे आटे गेले होते. त्या माणसाचा राग करायला आता हक्काचं कारण मिळालं होतं, आणि नेमका आताच राग येत नव्हता. हेवा मात्र होता तसाच होता. त्या माणसाला तिचं ओरडणंसुद्धा हवंसं वाटत होतं.

रविवारी दिवाणखाना बंद असायचा. सकाळी चष्मेवाले बायकोला म्हणाले, "खाली चल. डोळे बघू."

तिनं हातातलं काम ठेवलं आणि ती त्यांच्यामागून जिना उतरली. त्यांनी दाराचा पडदा ओढला, तक्त्यावरचा दिवा लावला. ती खुर्चीवर बसली, हात मांडीवर, शाळेतल्या मुलीसारखी. त्यांनी चाचणीची फ्रेम तिच्या नाकावर ठेवली. या खुर्चीवर ती आठ वर्षांपूर्वी बसली होती. त्यांनी वही काढून तारीख बघितली, म्हणून कळलं.

"कुठपर्यंत दिसतंय?"

"दुसरी ओळ. तीही अंदाजानं."

त्यांनी काच बदलली. "आता?"

"थोडं."

"आता?"

"हं. आता बरं."

अजून एक काच. मग अजून एक. नंबर इतका पुढे गेला होता की त्यांना स्वतःचीच शंका आली आणि त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. उत्तर तेच आलं. इतके दिवस ही बाई मीठ, साखर, सुरीची धार, सगळं बोटांनी ओळखत होती. वर सगळ्या गल्लीला जेवू घालत होती. लेकीला पहिला चष्मा लागला तेव्हा चष्मेवाल्यांनी तो रात्रीचा दिवस करून बनवला होता. बायकोच्या वेळी त्यांना गर्दी आठवली होती.

अंधारात बोलणं जरा सोपं जातं. तिला तक्ता तेवढा दिसत होता आणि त्यांना तिचे डोळे.

"त्या रश्श्यात काय घालतेस?" त्यांनी विचारलं.

"संत्र्याची साल. वाळवलेली."

"तुझी कल्पना?"

"आमच्याकडे घालायचे. लग्न झालं त्या वर्षी एकदा घातली होती. तुम्ही ताट सरकवलंत आणि म्हणालात, हे काय औषध आहे का?"

"मी असं म्हणालो?"

"तुम्हाला नसेल आठवत," ती म्हणाली. तिचा आवाज रागावलेला नव्हता, त्यामुळे त्यांना जास्तच लागलं.

"मग त्या डब्यात कशी घातलीस?"

"तुमचं आधी बाजूला काढायचे. मग उरलेल्यात कांदा परतून साल घालायचे. त्या माणसानं कुणाच्या आईचा रस्सा खाल्लेला नव्हता, तो काही म्हणणार नव्हता. तो परत आलेला डबा मी रोज उघडून बघायचे. चाटूनपुसून रिकामा असायचा."

चष्मेवाल्यांनी डाव्या डोळ्यापुढची काच काढली, पुसली, परत बसवली. ती पुसायची काही गरज नव्हती.

"घरी कर ना तसा," ते म्हणाले.

"नाही."

"नाही म्हणजे?"

"घरी तुमच्या आईंचा होतो. तोही मीच करते आणि तोही चांगला करते. तुम्ही म्हणाला नाहीत म्हणून काय झालं? हा तिकडचा आहे. खायचा असेल तर तिकडे या. पण रांग असते."

"मीही रांगेत उभं राहायचं?"

"गेल्या वेळी बाजावाल्यांनी तुम्हाला मधेच आत घेतलं, त्यावरून लोक बोलले मला," बायको म्हणाली. "आता चौथी ओळ दिसतेय. वाचू का?"

"वाच," ते म्हणाले.

काचा त्यांनी स्वतःच घासल्या. दोन दिवस लागले, कारण पहिल्या जोडीच्या मध्यात त्यांना केसभर फरक वाटला आणि त्यांनी ती फेकून दिली. नवा चष्मा लावून ती कामावर गेली तेव्हा बाजावाला सगळ्यांदेखत म्हणाला, "उस्ताद, हे खरं काम!" आणि दुकानात येऊन त्यानं ते चष्मेवाल्यांनाही सांगितलं. त्यांनी मान डोलावली. पाणी विचारलं. त्यापेक्षा जास्त त्यांना जमलं नाही.

पुढच्या बुधवारी एक वाजता ते दिवाणखान्याच्या रांगेत जाऊन उभे राहिले. पुढे सात माणसं होती. दारातून आतलं अर्धं दिसत होतं. बायको हातात वाटी घेऊन एका टेबलाशी थांबली होती, तिथला कोणी परका माणूस काहीतरी म्हणाला आणि ती खळखळून हसली. चष्मेवाल्यांच्या छातीत पुन्हा तेच टोचलं. ते जाईल असं त्यांना वाटत होतं, पण ते काही गेलं नाही. त्यांनी ते तसंच टोचू दिलं आणि रांग सोडली नाही.

पुढचा माणूस वळला. त्याला हा परिसर नवा असावा.

"इथला रस्सा फार नावाजतात म्हणे. तुम्ही खाल्लाय का कधी?"

"अर्धी वाटी," चष्मेवाले म्हणाले.

"अर्धीच? का हो, चांगला नव्हता का?"

"फार चांगला होता." हे शब्द त्यांच्या तोंडून इतक्या सहज निघाले की त्यांचं त्यांनाच नवल वाटलं. "मला मीठ जास्त वाटलं होतं."

"आणि?"

"नव्हतं," चष्मेवाले म्हणाले, आणि रांगेबरोबर एक पाऊल पुढे सरकले.